ओढ्याच्या तोंडाची जाळी

...नाही गं, ठेक्यानं स्वस्त पडलं हे मी कुठं नाकारतेय? तुझ्या कागदात आहे म्हणजे पडलंच असणार. चहा घे आधी, निवतोय. नगरपालिकेनं तुला पाठवलंय — कंपनी परवडते की आपली माणसं, ते बघायला — आणि आमचा सिरिल नगरपालिकेच्या त्या जुन्या ओढे-गटार खात्याचा मुकादम होता, म्हणून तू त्याच्या बायकोकडं आलीस. बरोबर ना? मग ऐक. कायदाच आला होता तसा — गावाच्या कामगारांनी गावाकडूनच नफा कमवून दाखवायचा, नाहीतर खातं बंद. आता तूच सांग, डोंगरावरून पाणी सुटलं, गिरणीच्या गल्लीत माणसं माळ्यावर चढून बसली, सिरिल आणि त्याचे गडी छातीएवढ्या पाण्यात उतरले — त्याचं बिल कुणाच्या नावानं फाडायचं? नाही फाडलं त्यानं. "विनी, बुडणाऱ्याला काय पावती देऊ?" म्हणाला न् हसला. झालं — खातं तोट्यात, डेपोला टाळं. कंपनी आली, नवी कोरी गाडी, निम्मी माणसं.

आमच्या परसामागचा ओढा गावाखालच्या बोगद्यात शिरतो ना, तिथं लोखंडी जाळी आहे. पाचोळा तुंबला की पाणी थेट गल्लीत. कंपनीचा माणूस गाडीतूनच बघायचा न् जायचा — उतरेल कशाला? जाळी साफच! सिरिल न्याहारीआधी दाताळं घेऊन पाचोळा ओढायला जायचा — फुकट! मी भांडायची, "हाकललं ना तुला? मग त्यांचीच चाकरी करतोस?" तर म्हणे, "त्यांची कसली? ठेका कुणाचा ते पाण्याला थोडंच कळतं!" मग एका नोव्हेंबरात पाय घसरला. जाळीलाच अडकलेला सापडला — पाचोळ्यात. आणि कंपनीनं काय म्हणावं? म्हणे, अनधिकृत इसम. अख्खं आयुष्य त्या ओढ्यात घातलेला माणूस — इसम!

त्यानंतरही जाळी एकदासुद्धा तुंबली नाही, हेच ना तुझं कोडं? मग काढतं कोण — हात काय बघतेस माझे? हो, मीच जाते. गुडघे कुरकुरतात, तरी जाते. माया म्हणून नाही गं — भीतीनं. वाटतं, तुंबली तर तो परत खाली उतरेल. आणि खरं सांगू? मी अलीकडून ओढायला लागले की पलीकडून, बोगद्याच्या आतून, दुसरं दाताळं घासल्यासारखं ऐकू येतं — लोखंडावर लोखंड. मी थांबले की तेही थांबतं. हाक? नाही मारत. ओ आली तर काय करू मी?

हे नको लिहूस. लिही — कंपनी स्वस्त, काम चोख. सही कर न् जा घरी. नाही, मदतबिदत नको, मला कुणी — थांब. जरा गप्प बस. परसाकडून... लोखंडावर लोखंड. ऐकलंस?

मी तर इथं बसलेय.