भूकंपानं दिलेली चावी

तुमाला खोटं वाटंल, पण माझ्या घड्याळाला एकदा भूकंपानं चावी दिलीय. माझं चौथं महागडं घड्याळ ते, सेल न्हाई काय न्हाई, नुसतं हाताच्या हालचालीवर चालणारं. ओरखडा नको म्हणून मी ते घालायचोच न्हाई. कपाटात पडून पडून ते दहा वाजून दहा मिनिटांवर बंद पडलं.

मग एका दुपारी कोयनानगरात धक्का बसला. आमी दोघं बाहेर पळालो. शांत झाल्यावर मी आधी कपाट उघडलं, तर घड्याळ टिकटिकतंय!

दारातनं बायको म्हणाली, "आवं, किती वाजलं त्यात?"

"दहा वाजून पंधरा मिनिटं! म्हणजे धक्का बसून बरोबर पाच मिनिटं झाली बघ."

"मग घाला की आता हातात," ती म्हणाली. "दर वेळी भूकंप कुठनं आणायचा?"