जावयाने तलाव कोरडा केला

जबाब देणार : कोलेत व्युएमँ, वय ७१ वर्षे, शाळेच्या खानावळीतून निवृत्त स्वयंपाकीण, राहणार रोश-सू-ब्वा, दूब नदीचे खोरे.

मी आज आपण होऊन ठाण्यात आले असून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती रेमों असे दोघेच राहतो. गेल्या वर्षी रेमों यांना पक्षाघात झाला. त्यांना एखाददुसऱ्या शब्दापलीकडे बोलता येत नाही. वाचता सगळे येते. रोजचे टपाल तेच उघडतात, ते काम त्यांनी कोणाला दिलेले नाही.

आमच्या अंगणात पोहण्याचा तलाव आहे. तो म्हणजे जमिनीत बसवलेली फायबरची एकसंध टाकी. जमिनीवर रेमों यांना काठी आणि माझा खांदा दोन्ही लागतात. पण या उन्हाळ्यात तलावाच्या पाण्यात त्यांनी मला "सोड" म्हटले, मी हात सोडला आणि ते एकटे चालत पलीकडच्या कडेला गेले. पुढे रोज गेले. एप्रिलमध्ये तलाव पुन्हा उघडायचा, असे आमचे ठरले होते.

थंडीसाठी तलाव दरवर्षी रेमों तयार करत. यंदा मी केला. ते खुर्चीत बसून बघत होते आणि माझे काही चुकले की काठी आपटत होते. काठी बरीच आपटली. पाणी नळ्यांच्या तोंडाखाली उतरवले, नळ्या रिकाम्या करून बुचे मारली, बर्फ फुगला की दाब सोसायला तरंगत्या डब्यांची माळ तिरकी बांधली आणि वर आच्छादन ओढले. उरलेले पाणी आत ठेवलेच पाहिजे. आमच्याकडे नोव्हेंबरात जमिनीखाली पाणी चढते, आणि टाकी जागेवर राहते ती आतल्या पाण्याच्या वजनाने.

त्यानंतर रेमों यांना व्यायाम-उपचारासाठी बेझाँसोंच्या केंद्रात दाखल केले. मी तिथेच राहिले. घराची किल्ली जावई थिबो यांच्याकडे दिली. ते मूळचे पेर्पिन्यांचे, तिकडे समुद्र आणि ऊन. मी त्यांना बजावले होते, "कोंबड्यांना दाणे टाक. तलावाला हात लावू नकोस. फारच गोठला तर बर्फावर गरम पाण्याचं पातेलं ठेव, आणखी काही नाही."

मंगळवारी त्यांचा फोन आला. "सासूबाई, आता निवांत राहा. कडाक्याची थंडी येतेय म्हणे. मी तलावातलं पाणीच काढून टाकलं. पाणीच नाही तर गोठणार काय?"

मी विचारले, "किती काढलंस?"

"सगळं! तळसुद्धा पुसून घेतला."

मी तशीच गाडी काढून घरी आले. टाकी जमिनीतून वीतभर वर आली होती, एका बाजूने जास्त. कडेच्या फरशा उलथल्या होत्या, नळ्या तुटल्या होत्या. थिबो हातात फडके घेऊन उभे होते. म्हणाले, "तुमच्या जमिनीतच काहीतरी दोष असणार." मी फक्त त्यांच्या हातातले फडके काढून घेतले. जावई आहे.

बुधवारी तलाववाला येऊन पाहून गेला. टाकी चिरली आहे, ती परत बसणार नाही, असे त्याने सांगितले. मुलगी एलोडी म्हणाली, "आई, त्याचा हेतू चांगला होता गं." विहिणीनेही फोन करून हेच सांगितले. कालपासून जो तो मला थिबोचा हेतू सांगतो आहे. मी काय बजावले होते, ते एकानेही विचारलेले नाही. मला याचा संताप येतो, तसे लिहावे.

आपण विचारले, "बाई, हे कुठल्या कलमात बसवू?" ते शोधणे आपले काम आहे. मला भरपाई नको, जावयाला अटकही नको. मी नको म्हटले होते आणि तरीही त्यांनी केले, एवढे कुठेतरी लिहिलेले असावे. घरात ते कोणी ऐकत नाही.

रेमों शनिवारी घरी येतील. त्यांना अद्याप काही सांगितलेले नाही. काल रात्री बर्फ पडला. मी आच्छादन पुन्हा ओढले आहे, उलथलेल्या फरशाही झाकल्या गेल्या आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले तर काही कळत नाही. केंद्रात ते रोज मला एकच शब्द विचारतात, "एप्रिल?" मी हो म्हणते.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे, बरोबर आहे, म्हणून खाली सही करते. फक्त याची प्रत टपालाने घरी पाठवू नये. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

सही/- कोलेत व्युएमँ