एडक्याचा पोचा

...आन वर मलाच इचारतोय, "पप्पा, कसा वाटतो लुक?" आता ह्येला काय सांगू, तुमीच सांगा. चाळीस वर्सं गाडीची जी टाकी माझ्या दोन गुडघ्यांच्या मधी बसली, ती कापून, ठोकून, भोपळ्यावानी करून आणली आन लुक इचारतोय! आरं, टाकीला झालं हुतं काय?

न्हाई, मी चिडून बोलत न्हाई. मी चिडलेलोच हाय, मग येगळं चिडून बोलायचा प्रश्न येतो कुटं? मी नाथाजी, कुंडलचा. फौजेत बावीस वर्सं काढली, हवालदार हुतो, साहेब तोंडाम्होरं येऊन वरडला तरी पापणी हलवली न्हाई कवा. पर ती टाकी बघितली आन ओट्यावरच बसलो. तेवढ्यात म्हायेरास्नं आलेल्या बायकोनं साखर-पाणी आणलं. ते बी टाकीचं तिला उशिरा कळलं म्हणून, आधी कळलं असतं तर नुसतं पाणी बी दिलं नसतं.

तर गाडी बुलेट. लग्नात सासऱ्यानं दिलेली. सासरवाडी जत तालुक्यात. तिकडं पाऊस आला तर आला, न्हाईतर ट्यांकर. ज्वारी पेरायची आन मेंढरं राखायची. त्या माणसानं निम्मी मेंढरं इकून जावयाला बुलेट घेतली. सांगलीस्नं आणली, मांडवाम्होरं उभी केली, साळूबाईनं, म्हंजे तवाची नवरी आन आताची माझी बायको, तिनं हळद-कुकू लावलं, नारळ फोडला. टाकी अशी चकाकत हुती की अख्खा मांडव तिच्यात दिसावा. मांडव दिसला तसा एडका बी दिसला. एडका म्हंजे मेंढरातला नर, शिंगांचा, डोक्यानं अर्धा. दावं तोडून आला, टाकीत बघतो तर म्होरं दुसरा एडका. आता आपल्या मांडवात दुसऱ्याला कोण खपवून घेतंय? चार पावलं मागं सरला आन दिली धडक. टाकीच्या डाव्या अंगाला तळवा बसंल एवढा पोचा.

मी म्हनलो, "मामा, सांगलीत काढून घेतो की." सासरं म्हनलं, "आवं जावईबापू, ऱ्हाऊ द्या. आमच्या घरचा शिक्का हाय त्यो." झालं. तवापास्नं मामा कुंडलला आलं की आधी गाडीपाशी जाणार, पोच्यात तळवा ठेवणार, मग पाय धुणार, मग पाणी पिणार. आता वय अठ्ठ्याऐंशी, काचबिंदूनं दोनी डोळं गेलं, तरी हात कसा बराबर पोच्यावर. मग सांगा, त्या टाकीला झालं हुतं काय?

पर आमचं चिरंजीव, धैर्यशील! एक दिवस मिरजेच्या एका गाड्या सजवणाऱ्या पोराला, ऋषिराजला, घिऊन आलं. त्येला मिस्त्री म्हनलेलं चालत न्हाई. "काका, मी आर्टिस्ट आहे. हा पोचा आपण काढू, टाकी मागून निमुळती करू, वरून मॅट ब्लॅक. टिअरड्रॉप शेप." म्हनलं, म्हंजे काय? तर म्हनतो, "अश्रूचा थेंब." आता अश्रूच पायजेल हुता तर टाकी कापायची काय गरज, मी घरच्या घरी काढून दिला असता.

आता तुमी म्हनाल, हवालदार, मग तुमी न्हाई का म्हनला न्हाई? इचारा की. त्या ऋषिराज बाद्दरानं मोबाईलमधी माझा फोटू त्या नव्या गाडीवर बशिवला. मिशीसकट. काळा गॉगल घातलेला. खरं सांगतो, मी बरा दिसत हुतो. लयच बरा दिसत हुतो. तितंच माझं नडलं. साळूबाई म्हायेरी गेलेली, आडवायला कोण न्हाई, किल्ली मीच काढून दिली. ह्ये तिला सांगू नका, तिच्यालेखी सगळं पोरानं केलंय.

मिरजेला बघायला गेलो तर टाकीत पाणी भरून ठेवलेलं. का, तर पेट्रोलचा वास गेल्याबिगर वेल्डिंग लावलं तर भडका हुतो. म्हनलं, ग्यान हाय पोराला. दुसऱ्या खेपंला गेलो तर टाकीशेजारी भोपळा. खरा, वाळलेला, तंबोऱ्याचा! शेजारी तंबोरं करणाऱ्यांची दुकानं, आन ह्येला आकार जमंना, तर उचलून आणला. पत्रा भोपळ्यावर धरून ठोकतोय. "काका, यापेक्षा परफेक्ट गोलाई मिळणार नाही." आरं, माझी बुलेट हाय का गवई हाय? माझ्या टाकीला झालं हुतं काय?

गाडी घरी आली आन मागोमाग साळूबाई मामास्नी घिऊन आली. मामा काठी टेकत नेहमीसारखं गाडीपाशी. डावा हात पुढं केला. हात घसरला. परत ठेवला, परत घसरला. मागंपुढं चाचपलं, उजवीकडनं चाचपलं. मग लय हळू इचारलं, "साळू, गाडी कवा इकली गं?"

"आप्पा, इकली न्हाई, तीच हाय," साळूबाई म्हनली, आन माझ्याकडं असं बघितलं की सरहद्दीवर बी मला कुणी तसं बघितलं न्हाई. मी आर. सी. बुक आणलं. आंधळ्या माणसाला आर. सी. बुक! इंजिन चालू केलं, म्हनलं आवाज तरी वळखतील. तर सायलेन्सर बी बदललेला, गाडी खोकल्यावानी वाजली. मामा म्हनलं, "पावणं, इकली तर इकली. खोटं कशाला बोलायचं?" आन पाणी न पिता म्हागारी गेलं. मला माझी लाज वाटली, आन लाज वाटली की मला आनखी राग येतो.

आठ दिसांनी जतहून निरोप. "गाडी आमच्या एडक्याम्होरं आणा. त्याच वंशाचा हाय. त्येनं धडक दिली तर गाडी तीच म्हणून मी मानीन." आता काय करता? घातली कडक इस्त्रीची कापडं, वर फौजेतला पट्टा, पितळंचं बक्कल घासून लख्ख केलं, सासऱ्याच्या दारात जाताना रुबाब नको? निघालो. वाटंत दोनदा पेट्रोल संपलं, कारण थेंबात मावतंय किती! पंधरा किलोमीटर ढकलत गेलो.

गाव गोळा. धैर्यशील मोबाईल धरून उभा. एडका आणला. एडक्यानं टाकीकडं बघितलं. काळी मिचकूट, मॅट म्हंजे बिनचकाकीची, त्यात दिसणार काय? हुंगली, तोंड फिरवलं. मामा कान देऊन उभं, धडकंचा आवाज कवा येतोय म्हणून. मी म्हनलो, "दे की रं बाबा." मी, हवालदार नाथाजी, एका एडक्याच्या पाया पडतोय! "एक दे. बारकी दे." आन त्येची मान वळवायला मी टाकीम्होरं जाऊन उभा ऱ्हायलो.

उन्हात बक्कल चमाकलं. त्येला त्यात दिसला दुसरा एडका. चार पावलं मागं सरला. मला चाळीस वर्सांपूर्वीच माहीत हुतं चार पावलांनंतर काय हुतं.

धप्प.

मी मातीत उताणा. मामा चाचपडत आलं, "कुटं लागली, कुटं?" हात फिरवत फिरवत बक्कलावर आला. पितळंला चांगला खोल पोचा. त्यात तळव्याचा फुगवटा ठेवला आन तसंच थांबलं. मग म्हनलं, "व्हय. गाडी बदलली, पर जावई त्योच हाय." आन पाणी मागितलं.

आता मामा कुंडलला आलं की गाडीकडं ढुंकून बघत न्हाईत. सरळ माझ्याकडं येत्यात, बक्कल चाचपत्यात, मग पाय धुत्यात. कालपास्नं आल्यात, पंधरा दिस ऱ्हाणार हायेत. साळूबाईची ऑर्डर हाय, पट्टा काढायचा न्हाई. जेवताना बी न्हाई, झोपताना बी न्हाई.