पाहुणा एक, रात्र एक

नाव: रोविना पिगॉट. वय: ५८ वर्षे. धंदा: पूर्वी पोस्टात कारकून, आता आईचं समुद्राकाठचं घर पाहुण्यांना भाड्याने देणे. राहणार: लॉन्सेस्टन, टास्मानिया.

मी आज १३ जानेवारी रोजी सकाळी दहा वाजता हॅलर्ड्स बे पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगते की, डेस्मंड ऊर्फ डेस ट्रेलोर या इसमाविरुद्ध मी फोनवरून दोन तक्रारी दिल्या होत्या. एक १४ डिसेंबरला, विनापरवानगी छपरावर चढल्याची. दुसरी ९ जानेवारीला, दार फोडून घरात शिरल्याची. त्या दोन्ही मला मागे घ्यायच्या आहेत. कॉन्स्टेबल फेंटन यांनी कारण विचारलं. ते एका वाक्यात मावणारं नाही, म्हणून सगळं लिहून घ्यावं ही विनंती.

आई गेल्यावर तीन वर्षांपूर्वी मी घर बुकिंगच्या अ‍ॅपवर टाकलं. मी तिथून तीन तासांवर राहते, त्यामुळे सगळा कारभार फोनवरच चालतो. अ‍ॅपचा नियम असा की, पाहुण्याच्या चौकशीला चोवीस तासांत उत्तर दिलं नाही, तर आपलं घर यादीत खाली ढकललं जातं. हा नियम पाहुण्यांपेक्षा विक्रेत्यांना जास्त पाठ आहे. ते पाहुणे होऊन येतात. फोन वाजतो, 'दोन पाहुणे, तीन रात्री' असं दिसतं, बरं वाटतं. उघडून पाहावं तर चादरी धुऊन देणारी कंपनी. मग फोटो काढणारा. मग गरम पाण्याचा टब अंगणात बसवून देणारा. एकाने लिहिलं, 'रोविना, तुमच्या घराच्या मी प्रेमातच पडलो.' त्याला समुद्राच्या वासाच्या मेणबत्त्या खपवायच्या होत्या. आईच्या घरापासून समुद्र चाळीस पावलांवर आहे.

कॉन्स्टेबल म्हणतात, हा तपशील गरजेचा नाही. माझ्या मते आहे. नोव्हेंबर महिन्यात असे एकसष्ट संदेश आले आणि प्रत्येकाला उत्तर देणं मला भाग होतं. म्हणून मी तीन उत्तरं फोनमध्ये तयार करून ठेवली. पहिलं सौम्य, दुसरं तुटक. तिसरं असं: 'तुमच्या प्रस्तावात मला रस नाही. पुन्हा लिहिलंत तर तक्रार करीन.' आलेला मजकूर मी पुरता वाचतही नव्हते. पहिल्या ओळीवरून ओळखायचं आणि बोटाने उत्तर सोडायचं.

डिसेंबर तोंडावर आला, उन्हाळा लागला, तशी वणव्याची भीती विकणारी मंडळी आली. धुराचे अलार्म, पाण्याचे पंप, तपासणीचे दाखले. सगळ्यांचा माल 'फायर ब्रिगेडमान्य'. त्यांतले दोघेतिघे पिवळी जाकिटं घालून थेट दारावर जाऊ लागले आणि पाहुण्यांना भेवडावू लागले. आईने त्या दाराला आयुष्यात कधी कडी लावली नव्हती. मी आतून साखळी बसवून घेतली आणि शेजारी छापील पाटी लावली: 'विक्रेत्यांना दार उघडू नये. शंका आल्यास रोविनाला फोन करावा.'

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक चौकशी आली. पाहुणा एक, रात्र एक. आता नीट वाचलेला मजकूर असा: 'मला राहायचं नाहीये. तुमचा नंबर कुणाकडे नाही, म्हणून इथून लिहितोय. घरामागच्या चढावर गवत कमरेइतकं वाढलंय, छपराच्या पन्हाळी पाल्याने भरल्यात. सांगाल तर मोफत काढून देतो. डेस.' मोफत म्हणणाऱ्यांचा मला विशेष राग आहे. मी पहिलं उत्तर सोडलं. दोन दिवसांनी त्याने लिहिलं की तो गावातल्या स्वयंसेवक ब्रिगेडमध्ये आहे, टेकडीवरच राहतो. मी दुसरं उत्तर सोडलं. त्याने लिहिलं, 'बाई, एकदा फोन तरी करा.' मी तिसरं सोडलं.

१४ डिसेंबरला पाहुण्यांनी मला फोटो पाठवला, छपरावर झाडू घेतलेला माणूस. उंबऱ्यापाशी चिठ्ठी होती: 'पन्हाळी साफ केल्या. गवतही कापलं. डेस.' मी तक्रार दिली. बिल मागून येणार, अशी खात्री होती. ते अजून आलेलं नाही.

९ जानेवारीला घरात अ‍ॅडलेडचे जो आणि कार्मेन व्हसालो हे वृद्ध दांपत्य होतं. जो यांना काठीशिवाय चालता येत नाही. त्यांचं तिसरं वर्ष, त्यामुळे कार्मेन मला घरच्यासारखं बोलतात. धुराचा वास आठवडाभर सगळ्या किनाऱ्यावर होता, त्यामुळे त्याचं कुणाला नवल नव्हतं. शिवाय घराच्या खिडक्या समुद्राकडे आहेत, टेकडी मागे आहे. दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी कार्मेनचा फोन आला. आमचं बोलणं जसं झालं तसं सांगते.

त्या म्हणाल्या, "अगं रोविना, दारात एक माणूस आहे. पिवळं जाकीट घातलंय. म्हणतो, आत्ताच्या आत्ता निघा."

मी म्हणाले, "कालही एक पिवळं जाकीट आलं होतं ना? पाइप विकायला?"

"तो गोड बोलत होता गं. हा ओरडतोय."

"ओरडू दे. साखळी लावा, दार उघडू नका. कंटाळून जाईल."

"नाव डेस सांगतोय."

मी म्हणाले, "नाव सगळ्यांनाच असतं, कार्मेन. हा तर छपरावर चढणारा. मी त्याला ओळखते." मी त्याला ओळखत नव्हते. आजतागायत मी त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

मागून त्याचा आवाज मला फोनवर ऐकू येत होता. "आजी, पाया पडतो, दार उघडा." त्यावर जो म्हणाले, "विकायची काय ही तऱ्हा." मग लाकूड फुटल्याचा आवाज झाला, कार्मेन किंचाळल्या आणि फोन बंद पडला. मी लगेच पोलिसांना फोन करून त्याचं नाव घेतलं.

पुढचं मला ब्रिगेडच्या प्रमुखांनी आणि कार्मेननी सांगितलं. डेसने कुऱ्हाडीने दार फोडलं, दोघांना आपल्या गाडीत घातलं. आपले हातमोजे काढून जो यांच्या हातांत चढवले. तोवर आग टेकडी उतरून कुंपणाला लागली होती. फाटकाची लोखंडी कडी तापून लाल झाली होती. ती त्याने उघड्या हातांनी उघडली आणि दोघांना धक्क्यावर, लोकांना समुद्रातून बाहेर नेणाऱ्या बोटीपाशी नेऊन सोडलं. दाराशी अकरा मिनिटं गेली. हा आकडा माझा नाही, ब्रिगेडच्या रेडिओच्या नोंदीतला आहे.

सरपणाची खोली, कुंपण आणि व्हसालोंची गाडी जळाली. घर उभं आहे. प्रमुख म्हणाले, मागचं गवत कापलेलं नसतं आणि पन्हाळींत पाला असता तर घर राहिलं नसतं. दाराच्या चौकटीला साखळी अजून लोंबते आहे. पाटी मी काढली.

प्रमुखांनी असंही सांगितलं की तक्रारी कायम असेपर्यंत डेसला ब्रिगेडमध्ये परत घेता येणार नाही. त्यांनी त्याला विचारलं तर म्हणाला, "बाईंचं काही चुकलं नाही, दार खरंच मी फोडलं." हे ऐकून मला त्याचा फार राग आला आणि स्वतःची फार लाज वाटली. तरी लिहून घ्यावं: ते दार माझ्या परवानगीने फोडलं गेलं. परवानगी आज देत आहे. चालत नसेल, तर कसं चालेल ते कॉन्स्टेबलनी सांगावं. तोवर मी इथेच बसते.

डेस होबार्टच्या इस्पितळात आहे. त्याचा नंबर माझ्याकडे नाही. पोलिसांनी द्यायला नकार दिला, ते बरोबरच आहे. म्हणून आज सकाळी मी अ‍ॅपवरची त्याची जुनी चौकशी उघडली आणि त्याला राहण्याचं आमंत्रण पाठवलं. पाहुणा एक, आणि रात्री त्याला हव्या तितक्या. या वेळी मजकूर मी स्वतः लिहिला. अ‍ॅप सांगतं की उत्तर द्यायला पाहुण्याकडे चोवीस तास आहेत. त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत, तेव्हा उशीर झाला तरी माझी काही तक्रार नाही.

हा जबाब कॉन्स्टेबल फेंटन यांनी मला सावकाश वाचून दाखवला, मी सांगितला तसाच तो लिहिला आहे. एकाच ठिकाणी त्यांनी 'सुमारे दहा मिनिटं' असं लिहिलं होतं. ते खोडून मी अकरा करून घेतलं आणि तिथे माझी सही केली आहे.