वरचा देश

ठण्ण! रिकामी घागर दगडावर टेकली की असा आवाज होतो, तुम्हाला सांगतो, लहानपणी ऐकलेला, अजून कानातून जात न्हाई... माझी माय धुरपताबाई वरल्या आळीतल्या विहिरीपाशी घागर टेकवायची आन लांब उभी राहायची, कारण आमच्या लोकांनी विहिरीला हात लावायचा न्हाई, कुणी ओतीन तवा पाणी! आता सांगा, असल्या मायच्या लेकाला पाण्याला न्हाई म्हणायला शिकवायचं? आन शिकवणारी कोण, तर माझीच नात, पंचशीला!

झालं काय, जिथं प्यायचं पाणी रेल्वेनं येऊन राहिलं, त्याच लातूरला एका कॉलेजात पोरापोरींचा लुटुपुटूचा राष्ट्रसंघ भरणार. एकेकानं एकेक देश व्हायचं, कोट घालायचा आन भांडायचं, पण 'महोदय, महोदय' करत! अहो, त्याला लातूर कशाला? आमच्या खेड्यात, चाकूरच्या पलीकडं, टँकरपाशी रोज भरतो की! ह्यो म्हणतो नवा जिल्हा उदगीर करा, त्यो म्हणतो अहमदपूर, रांगेतले हणमंतराव म्हणतात आधी पाइप सोडा, जिल्हा मागून बघू... असो. तर पंचशीला खालचा देश, कोरडा. वरच्या देशात नदी, धरण, सगळं. तिनं पाणी मागायचं. आन घरच्या तालमीला वरचा देश कोण? मी!

लेकाचा कोट घातला मला, एप्रिलच्या उन्हात! बाजेवर बसवलं, पुढं पुठ्ठा ठिवला, 'वरचा देश'. पोरगी म्हणाली, "महोदय, आमची लेकरं तहानलेली हायत."

मी म्हणलं, "अगं ने की माय, विचारतीस काय?"

"आबा! असं लगेच द्यायचं न्हाई!"

"मग न्हाई म्हणू?"

"न्हाई पण म्हणायचं न्हाई! म्हणायचं, आपली विनंती आमच्या देशानं नोंदवून घेतली आहे, योग्य वेळी विचार होईल."

बघा आता! द्यायचं न्हाई, न्हाई म्हणायचं न्हाई, वर समोरच्यानं आभार मानून जायचं! पण पाण्याला न्हाई कसं म्हणायचं? ती तहानलेली गुरं काढायची, वाळलेली केळी काढायची, की मी धरणाची दारं उघडायचो. एकदा तर तिनं तोंड उघडायच्या आधीच सगळं धरण देऊन बसलो!

पोरगी रडकुंडीला आली. "आबा, तिथली पोरं तुमच्यासारखी नसतील. मी भांडायला शिकू कुणाशी?"

ते डोळे बघवंनात हो... मग शिकलो. शेळीपुढं म्हणून बघितलं. पंचशीला म्हणाली, "आता तुमची परीक्षा. न सांगता नवं माणूस धाडीन पाणी मागायला."

परवा सकाळी मी कोट घालून तयार, तर दारात... ठण्ण! आवाज वळखीचा वाटला, पण मी देश होतो ना, देशाला कुठं काय आठवतं! बघतो तर वरल्या आळीची सगुणाबाई, उभ्या जन्मात आमच्या दारी पाणी मागायला न आलेली. मनात म्हणलं, वा गं पंचे, काय माणूस धाडलंस!

"लिंबाजी भाऊ," ती म्हणाली, "टँकर आलाच न्हाई. सून बाळंतीण हाय घरात. एवढी एक घागर..."

काय तो आवाज, काय ती खाली घातलेली मान! आन माझ्या मागं बॅरल काठोकाठ, लेकानं आदल्या दिशीच भरून ठिवलेलं. मी कोट वढला, घसा खाकरला. "महोदया, आपली विनंती आमच्या देशानं नोंदवून घेतली आहे. योग्य वेळी विचार होईल."

न अडखळता! पहिल्यांदाच!

सगुणाबाईनं कोटाकडं बघितलं. बॅरलकडं बघितलं. "बरं," म्हणाली, घागर उचलली आन वळली.

मी आरोळी दिली, "पंचे! ये भायेर, पास झालो!"

पंचशीला आली. वाटेवरची ती पाठ बघितली. "आबा... मी अजून कुणालाच धाडलं न्हाई."

तुम्हाला सांगतो... काय सांगतो! तोंड कुठं लपवावं? कोटात? पाण्याला न्हाई कसं म्हणायचं म्हणणारा मी, आन म्हणलो ते कुणाला, कशासाठी! पोरीनं बॅरलात कळशी बुडवली. मी हात जोडले, "पंचे, अगं मला वाटलं, तूच..." आता विनंती करायची पाळी वरच्या देशाची! पण तिनं ती नोंदवूनसुद्धा घेतली न्हाई. भरली कळशी काखेत घेतली आन सगुणाबाईच्या मागं निघून गेली.