हेतलच्या दारात पापलेट

२०२३ च्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. नात ज्योती अकाउंट्समध्ये नापास झाली होती. तिच्या कॉलेजात वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना फुकट शिकवतात. पूनम सागर सोसायटीतल्या हेतलनं शिकवलं आणि ज्योती पास झाली.

आम्ही कोळी कुणाचं फुकट ठेवून घेत नाही. ताजी पापलेटं घेऊन मी हेतलच्या दारात उभा राहिलो. तिची आई मागं सरली.

"काका, हम तो प्याज भी नहीं खाते!"

हेतल हसू दाबत म्हणाली, "आजोबा, पुढच्या वर्षी ज्योतीला शिकवायला पाठवा. आमच्या कॉलेजात परतफेड अशीच करतात."

"ती चारचौघांत तोंड उघडत न्हाय."

"उघडेल."

पुढच्या वर्षी ज्योती फळ्यापुढे उभी राहिली. समोर पहिल्या बाकावर हेतलचा धाकटा भाऊ होता.

तो पास झाला. फिटलं.