फाइलचा डबा
ऑपरेशनसाठी आजींना आत न्यायला डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स आली आणि दारातच थबकली. बाकावर आजींशेजारी आजोबा मोबाइलशी झटापट करत होते.

“अहो, नातीचा व्हिडिओ लागला का?”

“फोन म्हणतो, ही एमकेव्ही फाइल चालत नाही. एमपीफोर करा.”

“म्हणजे काय करायचं?”

“इंटरनेटवर चढवायची. ते बदलून परत देतात.”

“अगंबाई! पोरगी बदलून देतात?”

“पोरगी तीच गं, नुसता डबा बदलतात.”

“कसला डबा?”

“मला तरी कुठे कळतंय! हं, आली बघ... पण चित्र काळंच. नुसता आवाज येतोय.”

“थांबा, बंद नका करू. ‘आजी’ म्हणाली का हो ती?”

“म्हणाली खरी.”

“बोलायला लागली! परत लावा.”

नर्सने शेजारी ऑपरेशनसाठीच थांबलेल्या काकांना खूण केली, “तुम्ही चला आधी.”